सातबारा किती खोल जातो?

पादरा सोडून जंबुसरच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात आमच्या आतोबांचं शेत लागतं. काळी माती, कापूस आणि मधूनमधून तुरीचे तास. त्या शेताला तिरकं छेदत पिवळ्या बुटक्या खुंट्यांची एक ओळ जाते. प्रत्येक खुंटीवर आकडा आणि गुजरातीत इशारा: खोदकाम करू नये. मीटरभर मातीखालून तेलाची नळी गेली आहे.

गेल्या पावसाळ्यात आतोबांनी आंब्याचं कलम आणलं आणि बांधाच्या कडेला खड्डा घेतला. नळीच्या वाटेवर गस्त घालणारा तरुण सायकल उभी करून जवळ आला. "काका, अहीं झाड न रोपाय." आतोबा बडोद्यात वाढलेले, गुजराती त्यांना मराठीइतकीच येते. तरी रात्री जेवताना त्यांनी मला मराठीतच विचारलं, "सातबारा माझ्या नावावर, सारा मी भरतो, मग झाड का नाही?"

त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. आता देतो.

झाडाचं उत्तर तसं सोपं आहे. पोलादी नळी गंजू नये म्हणून तिच्यावर लेप असतो. मुळं त्या लेपाला विळखा घालतात, तो खरवडतात आणि तिथूनच गंज सुरू होतो. म्हणून १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने शेतकऱ्याची जमीन काढून घेतली नाही, जमिनीतल्या एका पट्ट्याचा फक्त 'वापराचा हक्क' घेतला. त्या पट्ट्यावर नांगर चालवता येतो, पीक घेता येतं. घर बांधता येत नाही, विहीर किंवा तळं खणता येत नाही, झाड लावता येत नाही. या हक्कापोटी जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला मिळतो, आणि काम करताना पिकाचं नुकसान झालं तर त्याची भरपाई वेगळी. पिढ्यान्पिढ्या झाड न लावण्याची किंमत म्हणून दहा टक्के मला फार तोकडे वाटतात.

आतोबांचा खरा प्रश्न मात्र नळीच्याही खालचा होता: आपली जमीन खाली कुठपर्यंत आपली?

इंग्रजांच्या जुन्या कायद्याचं उत्तर असं की ज्याची जमीन, त्याचंच वर आकाश आणि खाली पाताळ. म्हणजे प्रत्येक शेत हा पृथ्वीच्या पोटापर्यंत गेलेला एक उभा खांब. त्यातून सोनं-चांदी तेवढी वगळलेली. ती राजाची, असा निवाडा इंग्लंडात १५६८ मध्येच झाला होता. आपल्याकडचा विचार वेगळ्या वाटेने गेला. जमिनीतल्या धातूंचा अर्धा वाटा राजाचा, कारण तो रक्षण करतो, असं मनुस्मृती सांगते. कौटिल्याने तर खाणीच्या भाडेपट्ट्याचं मूळ सूत्रच मांडून ठेवलं आहे: जी खाण खर्चाने आणि कष्टाने जड, ती भागाने किंवा खंडाने दुसऱ्याला द्यावी, जी हलकी, ती राज्याने स्वतः चालवावी. शेत अर्धेलीने द्यावं की घरी करावं, हा हिशेब आपल्याकडचा प्रत्येक जमीनदार करत आला. खाणीलाही तोच हिशेब लागू होतो.

इंग्रजी अमदानीत दोन्ही विचार एकाच देशात शेजारी शेजारी नांदले. बंगाल-बिहारात १७९३ च्या कायमधाऱ्याने जमीनदार पक्के झाले आणि पुढे जमिनीखालचा कोळसाही त्यांचाच धरला गेला. झरियाच्या राजाने लहान लहान तुकड्यांचे पट्टे दिले. ज्याला जेवढा तुकडा मिळाला त्याने तेवढा ओरबाडला, शेजारच्या थराचं काय होईल याची फिकीर कुणी केली नाही. तिथल्या आगीची पहिली नोंद १९१६ ची आहे. ती आग आजही धुमसते आहे. मुंबई इलाख्यात उलट झालं. १८७९ च्या जमीन महसूल संहितेच्या ६९ व्या कलमाने रयतेकडच्या जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारने स्वतःकडे राखून ठेवली, फक्त आधीपासून कुणाचे हक्क असतील तर त्यांना हात लावला नाही. बडोदा तेव्हा वेगळं संस्थान होतं. ते १ मे १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, आणि बरोबर अकरा वर्षांनी, १ मे १९६० ला, गुजरातेत आलं.

त्यानंतर तेरा दिवसांनी, १४ मे १९६० ला, अंकलेश्वरला तेल लागलं. पंडित नेहरूंनी त्या विहिरीचं नाव वसुधारा ठेवलं. आपल्या बडोद्याचं नशीब त्या महिन्यात फिरलं. कोयलीची रिफायनरी आणि मकरपुरा रस्त्यावरची तेल आयोगाची, म्हणजे आजच्या ओएनजीसीची, कचेरी त्यानंतरच्या.

तेल लागल्यावर कायद्यापुढे जी अडचण येते, ती समजायला थोडं भूविज्ञान लागतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरल्यानंतर खंभातचा हा पट्टा दोन भेगांच्या मधे खचत गेला. खचलेल्या खोलगटात गाळ साचत राहिला. त्यातला काळा, सेंद्रिय द्रव्याने भरलेला चिखल दाबाखाली शिजला आणि तेल सुटलं. तेल पाण्यापेक्षा हलकं. ते वर सरकत वाळूच्या खडकात शिरलं, आणि वर घट्ट मातकट थर असल्यामुळे तिथेच अडकलं. अंकलेश्वरला हे थर हजार मीटरच्या आसपास आहेत. जमिनीखाली तेलाचं तळं असतं ही समजूत चुकीची आहे. स्पंज पाणी धरतो तसा वाळूचा खडक आपल्या कणांमधल्या फटींत तेल धरून ठेवतो. आणि त्या फटी एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे तेल वाहतं.

आता पावागडाजवळच्या शिवराजपूरचं मँगनीज घ्या. ते जिथे आहे तिथेच राहतं. त्याच्यासाठी कायद्याचा उभा खांब चालतो. धातूची शीर जमिनीत तिरपी उतरली की पहिली पंचाईत होते. अमेरिकेच्या १८७२ च्या खाण कायद्याने जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असा तुकडा हक्काने घ्यायची मुभा दिली, आणि शिरेचा माथा ज्याच्या तुकड्यात, त्याला ती शीर शेजाऱ्याच्या जमिनीखालीसुद्धा खोदत नेता येईल असं ठरवलं. शिरा फुटतात, दुमडतात, भेगांनी तुटतात. माथा नेमका कुठला यावर वकील आणि भूवैज्ञानिक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत बसले.

तेलापुढे तर खांबाची कल्पनाच कोसळते. शेजाऱ्याने बोअर खोल नेली की आपली विहीर आटते, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तेलाचं तसंच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेन्सिल्व्हेनियाच्या कोर्टाने तेलाची तुलना रानटी जनावराशी केली: आपल्या हद्दीत आहे तोवर आपलं, पलीकडे गेलं की ज्याने धरलं त्याचं. मग काय, आपल्या तुकड्यात शेजाऱ्याआधी भोकं पाडायची धांदल उडाली. टेक्सासात स्पिंडलटॉपला १९०१ मध्ये तेल उसळलं आणि दोनेक वर्षांत टेकडीवर लाकडी मनोऱ्यांचं रान माजलं. उत्पादन तितक्याच झपाट्याने घसरलं. कारण तेलाला वर ढकलतो तो त्यात विरघळलेला वायू आणि थरातला दाब. शेकडो भोकांतून वायू निसटला की दाब उतरतो, उरलेलं तेल दाट होतं आणि खडकाच्या फटींत कायमचं चिकटून बसतं.

भाडेपट्ट्याच्या इतिहासातली ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तेलाच्या जमिनी भराभर खाजगी हातांत चालल्याचं पाहून १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी सुमारे तीस लाख एकर सरकारी जमीन त्या वाटपातून काढून घेतली. १९२० च्या कायद्याने तेल, वायू आणि कोळशाच्या सरकारी जमिनी विकण्याऐवजी पट्ट्याने देणं सुरू झालं. तेलावर किमान साडेबारा टक्के रॉयल्टी ठरली. मालकी सरकारकडे, खोदायचा हक्क मुदतीपुरता.

आपण त्याच वाटेने गेलो. तेलासाठी १९४८ चा कायदा आणि १९५९ चे नियम, बाकीच्या खनिजांसाठी १९५७ चा कायदा. १९५९ च्या नियमांत तेलाचा पट्टा साधारणपणे २५० चौरस किलोमीटरचा आणि वीस वर्षांचा होता. शेकडो सातबारे त्याच्या पोटात मावतात. खालच्या थराला बांध नसतात, तेव्हा वरचे बांध न मोजता एकाच हाताने, एकाच आराखड्याने तेल काढायचं, हा त्यामागचा अर्थ. जमिनीवरच्या तेलाची रॉयल्टी राज्याला मिळते आणि ती विक्रीच्या किमतीच्या वीस टक्क्यांवर नेता येत नाही. ही रॉयल्टी म्हणजे कर की मालकाला दिलेला मोबदला, यावर अनेक वर्षं वाद चालला. २५ जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी आठ विरुद्ध एक मताने सांगितलं की रॉयल्टी म्हणजे कर नव्हे, खनिजाच्या मालकाला पट्टेदाराने दिलेला मोबदला.

याच न्यायालयाने २०१३ मध्ये मलबारच्या 'जन्मी' म्हणजे पिढीजात जमीनमालकांच्या खटल्यात म्हटलं होतं की कायद्याने काढून घेतलं नसेल तर जमिनीखालचंही जमीनमालकाचंच. आतोबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते क्षणभर खुलले. मग मी १८७९ चं कलम वाचलं. ते काही बोलले नाहीत. उठून कपाटातून सातबारा काढला आणि चष्मा लावून 'बीजा हक्क'चा, म्हणजे इतर हक्कांचा, रकाना शोधला. नळीची नोंद तिथे होती, क्रमांकासकट. हजार मीटर खालच्या वाळूच्या थराबद्दल कागदावर एक ओळही नव्हती.

कलम त्यांनी पश्चिमेच्या बांधावर लावलं, शेवटच्या पिवळ्या खुंटीपासून चाळीस पावलं मोजून.