भ्रूणाची जनुकीय तपासणी वारंवार गर्भपातापर्यंत कशी पोहोचली

दोन-तीनदा गर्भ राहून पडला की आज अनेक जोडप्यांना एक सल्ला मिळतो: आयव्हीएफ करा (म्हणजे शरीराबाहेर, प्रयोगशाळेत भ्रूण तयार करा), भ्रूण तपासून घ्या, चांगला असेल तोच गर्भाशयात सोडू. ऐकायला सरळ वाटतं. पण ही तपासणी मुळात गर्भपातासाठी निघालीच नव्हती.

सुरुवात लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधली. ॲलन हँडीसाइड आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये तीन दिवसांच्या भ्रूणातली एक पेशी काढून तीत वाय गुणसूत्र आहे का, एवढंच पाहिलं. त्या घराण्यांत मुख्यतः मुलग्यांना होणारे गंभीर आजार होते, म्हणून मुलींचेच भ्रूण निवडायचे. वाय सापडला नाही म्हणजे मुलगी, असा हिशेब. त्यात फट अशी की चाचणीच फसली तरी वाय सापडणार नाही, आणि हाताशी पेशी एकच.

म्हणजे या तंत्राने सर्वात आधी ओळखलं ते लिंग. आपल्याकडे याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्येच केला होता. केंद्राचा १९९४ चा कायदा २००३ च्या दुरुस्तीनंतर गर्भधारणेपूर्वीच्या लिंगनिवडीलाही लागू झाला आणि मुंबई उच्च न्यायालयात त्याला दिलेली आव्हानं टिकली नाहीत. याच कायद्यात प्रसवपूर्व जनुकीय तपासणीसाठी मान्य केलेल्या कारणांमध्ये ‘दोन किंवा अधिक गर्भपात’ हेही एक आहे. भ्रूणाच्या तपासणीत लिंग प्रयोगशाळेला दिसू शकतं, पण ते जोडप्याला सांगणं हा गुन्हा.

गर्भपाताशी सांधा जुळला तो नव्वदच्या दशकात. पहिल्या तीन महिन्यांत पडलेल्या गर्भांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते. सोळावं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा येणं हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. यातल्या बऱ्याचशा चुका स्त्रीबीज तयार होतानाच होतात आणि वयाबरोबर वाढतात. मग चुकीचे भ्रूण आधीच बाजूला काढले तर गर्भपात टळतील, असा तर्क निघाला. सांतियागो मुने यांच्यासारख्या संशोधकांनी ‘फिश’ पद्धत भ्रूणांवर आणली: गुणसूत्रांना चमकणारे रंग लावायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठिपके मोजायचे.

तर्क बिनतोड वाटला आणि पुराव्याची वाट न पाहता क्लिनिकांनी तो विकायला घेतला. ॲमस्टरडॅमच्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. त्यात ३५ ते ४१ वयाच्या ४०८ स्त्रिया होत्या. तपासणी केलेल्या गटात गर्भ टिकण्याचं प्रमाण २५ टक्के, न केलेल्या गटात ३७! तपासणीने उलट नुकसानच केलं होतं. तेव्हा आठच गुणसूत्रं मोजली जात होती, एका पेशीवरून सगळ्या भ्रूणाबद्दल निकाल दिला जात होता आणि तिसऱ्या दिवशी पेशी काढल्याचा फटका भ्रूणालाही बसत असावा.

त्यानंतर पद्धत पार बदलली. आता पाचव्या-सहाव्या दिवशी, पुढे ज्याची वार (प्लॅसेंटा) बनते त्या थरातून पाच-दहा पेशी घेतात, भ्रूण गोठवून ठेवतात आणि सगळ्या गुणसूत्रांची मोजणी होते. तरी पेच उरलेच. काही पेशी बरोबर, काही चुकीच्या, अशा मिश्र भ्रूणांतूनही निरोगी मुलं जन्मल्याचं २०१५ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी दाखवलं. अशी किती भ्रूणं त्याआधी टाकून दिली गेली असतील, कोण जाणे. चीनमध्ये १,२१२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०२१) तपासणीने मूल होण्याचं प्रमाण वाढलं नाही.

वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत एक छोटा गट मात्र वेगळा. शंभरातल्या दोन ते पाच जोडप्यांत नवरा किंवा बायको यांच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात अदलाबदल झालेले असतात. व्यक्ती ठणठणीत, पण तिच्या बीजांमध्ये हिशेब चुकतो. इथे काय शोधायचं ते आधीच ठाऊक असतं, म्हणून तपासणीला खरा आधार आहे. तरीही यातल्या बहुतेकांना नैसर्गिकरीत्याही पुढे मूल होतं. या छोट्या गटाबाहेरच्या अनेकींना गर्भ सहज राहतो, अडचण टिकण्याची असते. त्यांना आयव्हीएफची इंजेक्शनं आणि खर्च निव्वळ तपासणीसाठी सोसावा लागतो. चाळिशीच्या जवळ तर सगळेच भ्रूण नापास ठरून त्या महिन्यात सोडायला एकही उरत नाही, असंही घडतं. तपासणी निवड करते, नवं चांगलं भ्रूण तयार करत नाही.