संख्याशास्त्राचे संगणकाधारित प्राथमिक अध्ययन

सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन, सहसंबंध आणि नमुन्यावरून अनुमान हे संख्याशास्त्राचे पहिले पाठ सॉफ्टवेअरच्या साहाय्याने शिकण्याची पद्धती.

या पद्धतीचा आरंभ बहुधा १९७२ च्या सुमारास मानावा. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात त्या वर्षी तयार झालेले ‘मिनीटॅब’ हे सॉफ्टवेअर मुख्यतः अध्यापनासाठी होते. ‘एसपीएसएस’ (१९६८) त्याआधीचे असले, तरी त्याचा रोख सामाजिक संशोधनावर होता. ‘आर’ ही संख्याशास्त्रासाठीची संगणकभाषा ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी रचली. तिचा आरंभ १९९० च्या दशकाच्या सुरुवातीचा, पहिली घोषणा १९९३ ची. मात्र १९९५ मध्ये ती मुक्त परवान्याखाली आली, आणि विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हेच वर्ष अधिक महत्त्वाचे.

वहीतले उत्तर आणि पडद्यावरचे उत्तर जुळत नाही, हा नवशिक्यांचा नेहमीचा अनुभव. त्यात चूक कोणाचीच नसते. रापणीला (किनाऱ्यावर ओढायच्या मोठ्या जाळ्याला) सहा दिवसांत अनुक्रमे २, ४, ६, ८, १०, १२ पाट्या मासळी मिळाली असे समजू. खालच्या निम्म्या संख्यांचा मध्यक घेतला, तर पहिले चतुर्थक (ज्याच्या खाली सुमारे एक चतुर्थांश संख्या येतात ते मूल्य) ४ येते. ‘आर’ ४.५ सांगते, तर मिनीटॅब आणि एसपीएसएस ३.५ सांगतात. दोन निरीक्षणांमधील स्थान कसे ठरवायचे, याचे नियम निरनिराळे आहेत. हाइंडमन आणि फॅन यांनी १९९६ मध्ये असे नऊ नियम वर्गीकृत केले. ‘आर’मध्ये ते सर्व उपलब्ध असून वेगळे न सांगितल्यास सातवा लागू होतो, मिनीटॅब आणि एसपीएसएस सहावा वापरतात. प्रमाण विचलनाचेही तसेच : सरासरीपासूनच्या अंतरांच्या वर्गांची बेरीज ६ ने भागून वर्गमूळ घेतल्यास ३.४२, ५ ने भागून घेतल्यास ३.७४. हे सहा दिवस हीच समष्टी (अभ्यासाचा संपूर्ण समूह) मानल्यास पहिले उत्तर योग्य, ते नमुना असल्यास दुसरे. ‘आर’चे नेहमीचे फल दुसरे असते. हा निर्णय यंत्रावर सोडू नये. विद्यार्थ्याने नियमाचे नाव उत्तरासोबत लिहावे, हे उत्तम.

गोव्यात जन्मलेले गणितज्ञ दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) यांनी आहत (ठसे मारून केलेल्या प्राचीन) नाण्यांची वजने स्वतः करून, चलनात झिजण्याने होणाऱ्या घटीवरून नाण्यांच्या संचांचा कालक्रम लावला. प्रश्न आधी आणि आकडेमोड नंतर, हा क्रम त्यातून शिकण्यासारखा आहे.

सरावासाठी गोव्याच्या नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालयाची प्रकाशने आणि जनगणनेच्या सारण्या उपयोगी पडतात. २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ असून तालुके ११ आहेत. नंतरचा बारावा तालुका धारबांदोडा त्यात स्वतंत्र नाही. नंतरच्या १२ तालुक्यांच्या सारणीशी २०११ ची सारणी जोडताना सॉफ्टवेअर धारबांदोड्याची जागा रिकामी ठेवते किंवा ती ओळच गाळते, आणि दोन्ही प्रकारांत तालुकावार सरासरींची तुलना फसते. म्हणून आधी धारबांदोड्याची गावे मूळ तालुक्यांत परत मिळवून घ्यावी लागतात.