मोहरीएवढी पृथ्वी आणि मधली रिकामी जागा

प्रकाशवर्ष, अब्ज, दशलक्ष असलं काही आलं की आपण वाचतो आणि पुढे जातो, कारण इतकी शून्यं डोक्यात शिरतच नाहीत. म्हणून मला वाटतं आकडे पाठ करत बसण्यापेक्षा एकच प्रश्न धरून चालावं, की दोन वस्तूंमधलं अंतर त्या वस्तूच्या किती पट आहे? हे बघत गेलं ना, की विश्व एकदम वेगळंच दिसायला लागतं.

पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा समजा, बारकी मोहरी, १ मिलिमीटरची. मग चंद्र ३ सेंटिमीटरवर येतो. शाळेच्या पुस्तकात तो पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, ते चित्र विसरा, मधे ३० पृथ्व्या मावतात! सूर्य होतो ११ सेंटिमीटरचा गोळा, साधारण १२ मीटरवर, आणि शेवटचा ग्रह नेपच्यून साडेतीनशे मीटरवर. १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर १ यान, माणसाने बनवलेली सगळ्यात लांब पोचलेली वस्तू, ते इतकी वर्षं सुसाट पळून या मापात जेमतेम २ किलोमीटर गेलंय. आणि सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी? तो सुमारे ३१०० किलोमीटरवर. म्हणजे सूर्याचा गोळा कन्याकुमारीला ठेवला तर शेजारचा तारा पार लडाखच्या वर, आणि तोही पावणेदोन सेंटिमीटरचा, मधे अख्खा भारत जवळजवळ रिकामा.

हिशोब केला तर हे अंतर सूर्याच्या व्यासाच्या जवळपास ३ कोटी पट भरतं.

आता दीर्घिका घ्या, म्हणजे गॅलक्सी, अब्जावधी ताऱ्यांचा मेळा. मला वाटायचं की तारेच इतके लांब तर दीर्घिका तर विचारूच नका, पण तसं नाहीये. आपली आकाशगंगा साधारण १ लाख प्रकाशवर्षं रुंद (प्रकाशवर्ष म्हणजे प्रकाश एका वर्षात जितकं अंतर कापतो तितकं), आणि शेजारची मोठी दीर्घिका देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर, म्हणजे फक्त २५ पट! कुठे ३ कोटी आणि कुठे २५. यामुळेच दीर्घिका एकमेकींवर आदळतात, तशा टकरी दुर्बिणीतून ढिगाने दिसतात, पण त्यातले तारे मात्र एकमेकांना जवळपास कधीच धडकत नाहीत, नुसते शेजारून निघून जातात, धडकतात ते मधले वायूचे ढग आणि त्यातून नवे तारे जन्माला येतात. (देवयानी नुसत्या डोळ्यांनी दिसते बरं का, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये संध्याकाळी, शहराच्या दिव्यांपासून लांब गेलात तर. पुसट डाग दिसतो, पण जरूर बघा.)

अजून वर गेलं की दीर्घिकांचे समूह, आणि समूहांचे महासमूह. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांमधल्या शास्त्रज्ञांनी असाच एक महासमूह शोधून जाहीर केला, नाव ठेवलं सरस्वती. अंतर सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षं, पसारा ६० कोटी प्रकाशवर्षांहून जास्त, आपल्याला माहीत असलेल्या सगळ्यात मोठ्या रचनांपैकी एक. आणि ज्याचा प्रकाश आपल्यापर्यंत पोचू शकतो ते सगळं विश्व किती रुंद? साधारण ९३ अब्ज प्रकाशवर्षं. भागाकार करून बघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरस्वतीसारखे महासमूह ओळीने मांडले तर जेमतेम दीडशे मावतील.