ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली दगडी घरे आणि थोरॉनची मोजणी

रेडॉन हा खडक-मातीतून निघणारा किरणोत्सर्गी वायू. त्याचा धोका आधी खाणकामगारांच्या फुप्फुसांत दिसला. घरांकडे जगाचे लक्ष वळले ते 1984 च्या अखेरीस, अमेरिकेतल्या एका अणुवीज केंद्राच्या कर्मचाऱ्याच्या राहत्या घरातच हा वायू अफाट प्रमाणात सापडला तेव्हा. 1988 मध्ये तो कर्करोगकारक ठरला. थोरॉन, म्हणजे थोरियमपासून निघणारा त्याचाच भाऊबंद, मात्र मागेच राहिला. त्याचे अर्धायुष्य (निम्मा वायू उरायला लागणारा वेळ) जेमतेम 55 सेकंद, रेडॉनचे 3.8 दिवस, जमिनीतून वर येईपर्यंत थोरॉन संपतो, मग मोजायचा कशाला, असा हिशेब होता.

जमिनीपुरता तो बरोबरही आहे. पण थोरॉन भिंतीतून थेट खोलीत येतो. ग्वाल्हेरच्या लष्कर या जुन्या भागात भिंती वालुकाश्माच्या आणि छतही दगडी पटियांचे. या दगडात थोरियम सहसा ग्रॅनाइटपेक्षा कमी, त्यामुळे घाबरायचे कारण नाही. तरी मे महिन्यातली लू आणि जानेवारीतला कडाका, दोन्ही वेळा दारे-खिडक्या बंदच असतात. अशी घरे मोजायलाच हवीत.

खरा वाद आहे तो कसे मोजायचे याचा. प्रचलित रीत अशी: अल्फा कणांचे ठसे टिपणाऱ्या एलआर-115 फिल्मची डबी तीन महिने टांगायची, मग फिल्म 60 अंशांवरच्या कॉस्टिक सोड्यात दीड तास ठेवून अल्फा कणांची छिद्रे मोजायची. त्यातून आलेल्या वायूच्या आकड्याला समतोल गुणांकाने, म्हणजे वायूच्या तुलनेत त्याचे क्षयज कण हवेत किती आहेत त्या प्रमाणाने, गुणायचे. रेडॉनला हे चालते: घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सर्गाचे एकक), गुणांक 0.4, घरातले वर्षाचे 7000 तास आणि दर बेकरेल-तासाला 9 नॅनोसिव्हर्ट हा मात्रा-गुणांक धरला की वर्षाला सुमारे अडीच मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या मात्रेचे एकक) येतात. थोरॉनला मात्र हा गुणाकार लावणे मला सरळ चूक वाटते. हा वायू भिंतीलगतच दाट असतो. डबी वीतभर पुढे सरकवली तरी आकडा कोसळतो. फुप्फुसाला मात्रा मिळते ती मुख्यतः त्याच्यापासून बनणाऱ्या शिसे-212 मुळे. त्याचे अर्धायुष्य 10.6 तास, म्हणून ते खोलीभर पसरते. वायूवरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. फिल्मवर अॅल्युमिनियमचा थर दिलेला मायलर (पातळ प्लास्टिक) ठेवून हे क्षयज कण थेट मोजण्याची पद्धत आली, ती याचसाठी.

त्यात 2017 मध्ये एका आंतरराष्ट्रीय मंडळाने रेडॉनचा मात्रा-गुणांक जवळपास दुप्पट केला. दुसऱ्याने 9 वरच ठेवला. त्यामुळे मिलिसिव्हर्टचा आकडा देताना बेकरेल आणि वापरलेला गुणांक शेजारी छापला नाही, तर दोन शहरांतल्या घरांची तुलनाच करता येत नाही.