घरी वेल्डिंग मारलेले सस्पेंशन ब्रॅकेट आणि आरसी : अर्ज नेमका कुठे अडतो

पावसाळा जवळ आला की जुनी जिप्सी, एमएम ५४० (महिंद्राची जुनी जीप) किंवा थार वर उचलायचं, म्हणजे तिची उंची वाढवायचं, खूळ जोर धरतं. शॉक-अपचे आणि लिंकचे ब्रॅकेट (हे सस्पेंशनचे भाग चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, धरून ठेवणारे लोखंडी तुकडे) ऑनलाइन मागवायचे, ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून वेल्डिंगचं मशीन आणायचं आणि रविवारी अंगणातच चासीला वेल्डिंगचे टाके मारायचे. पुढे पासिंगला, म्हणजे आरटीओतल्या तपासणीला, गेल्यावर निरीक्षक खाली वाकून बघतो आणि अर्ज शेरा मारून परत येतो. मग प्रश्न येतो : आता कुठला फॉर्म भरू?

खरं सांगायचं तर अशा ब्रॅकेटला मागाहून मान्यता देणारा फॉर्म नाही. एजंट 'करून देतो' म्हणाला तरी नाही.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलाशी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. गॅस किंवा बॅटरीचं मान्यताप्राप्त किट आणि दिव्यांग व्यक्तीसाठी गाडीत केलेले बदल यांना कायद्यात वाट ठेवली आहे. इंजिन बदलायचं तर आधी परवानगी लागते. उंची वाढवण्यासाठी चासीला जोडलेले ब्रॅकेट यातल्या कशातच बसत नाहीत. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही, हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा.

आता कोणाकडेच नसलेल्या कागदाबद्दल. आरटीओत 'मान्यता प्रमाणपत्र आणा' म्हणतात, तेव्हा त्यांना केंद्रीय मोटार वाहन नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेचा कागद हवा असतो. गंमत म्हणजे त्यातल्या तीन संस्था आपल्याच राज्यात आहेत : पुण्यात एआरएआय, भोसरीला सीआयआरटी आणि अहिल्यानगरला व्हीआरडीई. म्हणून लोक गाडी घेऊन थेट तिथेच जायला निघतात. जाऊ नका. तिथली मान्यता कंपन्या आपल्या मॉडेलसाठी घेतात, एकट्यादुकट्या मालकाच्या अंगणातल्या टाक्यांसाठी तिथे खिडकी नाही. विक्रेता ब्रॅकेटबरोबर 'आयएसओ ९००१' लिहिलेला चकचकीत कागद देतो. तो कारखान्यातल्या कामाच्या पद्धतीचा असतो, ब्रॅकेट किती भार सोसेल याचा नव्हे, आणि तुमच्या वेल्डिंगचा तर अजिबात नव्हे. चार्टर्ड इंजिनिअरचं पत्र जोडून बघणारेही भेटतात. कलम ५२ मध्ये त्या पत्राला जागा नाही. पैसे वाया जातात, एवढंच.

दुसरा घोळ चौदा दिवसांचा. बदल केल्यापासून १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यावी, असं कायदा म्हणतो. बरेच जण याचा अर्थ 'आधी करा, मग चौदा दिवसांत सांगा, म्हणजे सुटलो' असा लावतात. ही मुदत नोंदीची आहे, माफीची नाही. जो बदल मुळात चालत नाही, तो चौथ्या दिवशी कळवला तरी चालत नाही. उलट स्वतःच्या सहीने लेखी कबुली दिल्यासारखं होतं. गाडीवर कर्ज असेल तर आणखी एक अडचण : चालणाऱ्या बदलालाही फायनान्स कंपनीची लेखी संमती लागते.

दुरुस्तीचं मात्र वेगळं आहे. पाट्याचं (लीफ स्प्रिंगचं) हँगर तडकलं, गंजून गेलं, तर कंपनीच्याच मापाचं हँगर मूळ जागी बसवणं हा बदल नव्हे. फक्त हे काम गॅरेजमध्ये करा आणि सुट्या भागाचं व मजुरीचं बिल जपून ठेवा. जमलं तर आधीचा आणि नंतरचा फोटोही काढा. नव्या रंगाखालचा ताजा टाका बघून निरीक्षकाला शंका येणारच, आणि त्यात त्याची चूक नाही.

सगळ्यात वाईट अवस्था चासी नंबरची होते. बऱ्याच जीपमध्ये तो चासीच्या पट्टीवरच ठोकलेला असतो आणि नेमकं तिथेच ब्रॅकेट बसतं. टाका मारण्याआधी गंज काढायला ग्राइंडर फिरतो, आकडे अर्धे घासले जातात, आठाचा तीन होतो. राहिलेल्यावर वेल्डिंगचे थेंब चिकटतात. मग कागद ठेवून पेन्सिल घासली की नंबराऐवजी नुसते ठिपके उमटतात. अशा वेळी नंबर स्वतः ठोकून घेऊ नका, कोणी कितीही 'साधं काम आहे' म्हटलं तरी. चोरीच्या गाडीचा संशय अंगावर येतो. आरटीओकडे लेखी अर्ज करा. गाडी आणि कागद तपासून, तिथून परवानगी मिळाल्यावरच नंबर पुन्हा ठोकला जातो. वेळ लागतो, चिडचिडही होते, पण दुसरा रस्ता नाही.

पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाला बाकी फारसं काही नाही. परिवहनच्या संकेतस्थळावर फॉर्म २५, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, चासी नंबरचा पेन्सिल प्रिंट आणि पर्यावरण कर भरल्याची पावती. अर्ज मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आतच करता येतो, त्याहून लवकर नाही. कारसाठी शुल्क ५,००० रुपये, वीस वर्षांपुढच्या गाडीला १०,०००, आणि उशीर झाला तर महिन्याला ५०० रुपये जादा. ब्रॅकेट काढायचे असतील तर तपासणीच्या आदल्या रात्री काढू नका. कापलेल्या जागी चासी पातळ झालेली असू शकते आणि ती नीट भरून घ्यायला दिवस लागतात.

आणि ज्यांना गाडी फक्त डोंगरात, चिखलात खेळवायची आहे, त्यांनी ती ट्रेलरवर किंवा फ्लॅटबेडवर चढवून न्यावी. कायद्यातली 'सार्वजनिक जागा' म्हणजे फक्त डांबरी रस्ता नव्हे. जिथे लोकांना जायचा हक्क आहे ती प्रत्येक जागा त्यात येते, म्हणजे ऑफ-रोड ट्रॅकच्या फाटकापर्यंतची गावची पायवाटसुद्धा.