संगणक सुरू होताना डिस्कपुढे लागणारी रांग

आमच्या वाचनालयातील ग्रंथपाल बाई सकाळी आल्या आल्या आधी संगणकाचे बटण दाबत आणि मगच खिडक्या उघडणे, टेबले पुसणे, वर्तमानपत्रे जागच्या जागी लावणे या कामांकडे वळत, कारण ही सगळी कामे उरकेपर्यंत पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम उघडणार नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक झाले होते. पडद्यावर डेस्कटॉप तसा लवकर दिसे. पण कशावरही क्लिक केले तरी ते निळे वर्तुळ फिरत राही आणि टेबलाखालच्या खोक्यातून हार्ड डिस्कची बारीक कुरकुर ऐकू येत राही. कुणी त्यांना ‘एकदा फॉरमॅट मारून घ्या’ असे सांगितले होते, तर कुणी ‘यंत्र म्हातारे झाले, आता नवीनच घ्या’ असे. यंत्र म्हातारे होते ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे. वास्तविक पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत नसेल, तर तो पहिल्या दिवशी ज्या वेगाने आकडेमोड करत होता त्याच वेगाने आठ वर्षांनंतरही करतो. वाढलेले असते ते त्याच्यावर लादलेले काम, आणि त्यातला मोठा वाटा सुरू होतानाच्या पहिल्या काही मिनिटांत एकवटलेला असतो.

बटण दाबल्यावर प्रथम मदरबोर्डवरील फर्मवेअर (तेथेच कायम साठवलेले सॉफ्टवेअर) जागे होऊन स्मृती (रॅम), डिस्क, कळफलक यांची चाचपणी करते, मग बूट लोडर विंडोजचा गाभा डिस्कवरून स्मृतीत आणतो, त्यानंतर संगणकाला जोडलेली उपकरणे चालवणारे ड्रायव्हर आणि पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सर्व्हिसेस सुरू होतात आणि आपण पासवर्ड टाकल्यावर डेस्कटॉप दिसतो. डेस्कटॉप दिसला म्हणजे संगणक तयार झाला असे आपण धरून चालतो. पण नेमक्या याच क्षणी विंडोज आपल्या रजिस्ट्रीतील, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदवहीतील, ठरावीक नोंदी आणि स्टार्टअप नावाचे फोल्डर वाचून त्यांत नाव असलेला प्रत्येक प्रोग्रॅम सुरू करू लागते. ही सोय जुनी आहे. विंडोजपूर्वीच्या एमएस-डॉस या प्रणालीत ‘ऑटोएक्सेक’ नावाच्या फाइलीत आज्ञा लिहून ठेवता येत आणि १९९२ सालच्या विंडोज ३.१ मध्येही स्टार्टअप नावाचा गट होता. तेव्हा त्या यादीत काय घालायचे ते बहुधा वापरणारा स्वतः ठरवत असे. आता प्रिंटर, कॅमेरा, बैठकांचे ॲप, क्लाउड साठवण, गेम यांपैकी काहीही बसवले, की ते बहुतेक वेळा आपला एखादा मदतनीस प्रोग्रॅम न विचारता त्या यादीत घालते.

एवढ्याने इतका फरक का पडावा, याचे उत्तर हार्ड डिस्कच्या रचनेत आहे. डेस्कटॉप संगणकातील नेहमीच्या डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी असलेली माहिती वाचणाऱ्या टोकाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंदांहून थोडे अधिक थांबावे लागते आणि ते टोक योग्य वर्तुळावर नेऊन ठेवायला साधारण ९ मिलिसेकंद जातात. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी उडी मारून वाचायचे झाले, तर दर उडीला असे १३ मिलिसेकंद खर्च होतात आणि सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० उड्या होतात. सलग एकाच पट्ट्यातील माहिती वाचताना हीच डिस्क सेकंदाला शंभराहून अधिक एमबी देऊ शकते. पण चार-चार केबीचे तुकडे इकडून तिकडून गोळा करायचे असतील, तर सेकंदाला चारशे केबीसुद्धा हाती लागत नाहीत. आता समजा, यादीत १५ प्रोग्रॅम आहेत आणि प्रत्येकाला आपल्या फाइलींतून ४०० लहान तुकडे वाचायचे आहेत. एकूण ६,००० उड्या झाल्या, आणि त्यांना ७५ सेकंदांच्या आसपास वेळ लागला. बाईंचा देवघेवीचा प्रोग्रॅम या रांगेत शेवटी येऊन उभा राहतो. ती कुरकुर म्हणजे वाचणारे टोक पुढे-मागे धावत असल्याचा आवाज असतो.

मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांना ही अडचण माहीत नव्हती असे मुळीच नाही. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून प्रणाली सुरू होताना कोणत्या फाइली लागतात याची नोंद ठेवली जाते आणि पुढच्या वेळी त्या शक्यतो सलग, आधीच वाचून घेतल्या जातात. डिस्कसुद्धा आलेल्या मागण्यांचा क्रम सोयीने बदलून टोकाची धावपळ कमी करते. पण या युक्त्यांनी रांग शिस्तीत लागते, तिच्यातील माणसे कमी होत नाहीत.

स्मृतीचेही असेच आहे. ४ जीबी रॅमच्या संगणकात निम्म्याच्या आसपास जागा विंडोजच व्यापते, आणि प्रत्येकी १०० एमबी घेणारे १५ प्रोग्रॅम उघडे असतील तर आणखी दीड जीबी जाते. उरलेल्या जागेत ब्राउझर उघडला, की विंडोज स्मृतीतील काही भाग डिस्कवर लिहून जागा मोकळी करू लागते आणि आधीच दमछाक झालेल्या डिस्कवर नवे ओझे पडते. सकाळची गर्दी मग दिवसभर ओसरत नाही.

वाचनालयातील संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती ताण देतो ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडला, तेव्हा डिस्कच्या स्तंभात १०० टक्के आकडा दिसत होता आणि प्रोसेसर बराचसा मोकळा होता. दोष कोठे आहे हे एवढ्यावरूनच कळते. त्याच खिडकीत ‘स्टार्टअप’ नावाचा विभाग आहे. तो २०१२ सालच्या विंडोज ८ पासून तेथे आला, त्यापूर्वी त्यासाठी विंडोजमधलेच एमएसकॉन्फिग नावाचे वेगळे साधन उघडावे लागे. येथे प्रत्येक प्रोग्रॅमपुढे त्याचा परिणाम ‘हाय’, ‘मीडियम’ किंवा ‘लो’ असा लिहिलेला असतो. ज्याने सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून अधिक वाचन-लेखन केले, त्याला ‘हाय’ म्हणतात. ३०० मिलिसेकंद आणि ३०० केबी या दोन्ही मर्यादांच्या आत राहिला तर ‘लो’. फोनवर काढलेले एक छायाचित्रही ३ एमबीचे असते, त्यामुळे नुसते ‘हाय’ वाचून दचकण्याचे कारण नाही. तो प्रोग्रॅम सकाळच्या पहिल्या मिनिटालाच हवा आहे का, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

बाईंच्या यादीत प्रिंटरची शाई किती उरली ते सांगणारे एक, कुणीतरी एकदाच वापरलेले बैठकांचे ॲप, दोन निरनिराळ्या प्रोग्रॅमांचे अपडेट शोधणारे मदतनीस आणि संगीत ऐकण्याचे एक ॲप अशी नावे होती. नावावर उजवे क्लिक करून ‘डिसेबल’ म्हटले, की तो प्रोग्रॅम आपोआप सुरू होणे थांबते. तो संगणकावरून जात नाही आणि गरज पडेल तेव्हा नेहमीप्रमाणे उघडतो. प्रिंटरच्या मदतनीसाला सुट्टी दिली तरी छपाई सहसा अडत नाही, कारण छपाईचे काम ड्रायव्हर आणि त्याची वेगळी सर्व्हिस करत असतात. अँटीव्हायरस, टचपॅडचे आणि आवाजाचे मदतनीस मात्र राहू द्यावेत. मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. काही वर्षांपूर्वी माझ्याच संगणकावर मी एक अनोळखी नाव बंद केले आणि दुसऱ्या दिवशी देवनागरी उमटेना. ते नाव मराठी कळफलक पुरवणाऱ्या प्रोग्रॅमचे होते. पुन्हा ‘एनेबल’ केल्यावर सारे जागेवर आले. तेव्हापासून एका वेळी दोन-तीनच नावे बंद करायची, संगणक रिस्टार्ट करायचा आणि एक दिवस रोजची कामे करून पाहायची, ही पद्धत मी पाळतो.

येथे ‘रिस्टार्ट’ हा शब्द मुद्दाम वापरला आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीच्या गाभ्याची अवस्था डिस्कवर जतन केली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. रोज रात्री बंद होणारा संगणक अशा रीतीने कित्येक आठवडे खऱ्या अर्थाने नव्याने सुरू झालेला नसतो, आणि एखाद्या ड्रायव्हरचे बिनसले असेल तर ते तसेच पुढे चालत राहते. ‘रिस्टार्ट’ मात्र सगळे पहिल्यापासून सुरू करतो.

या यादीत न दिसणारे प्रोग्रॅमही असतात. ते सर्व्हिसेसमध्ये किंवा ठरल्या वेळी कामे सुरू करणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये नोंदवलेले असतात. त्यांसाठी मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स हे मोफत साधन आहे. त्यात मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपवण्याची सोय आहे, ती आधी चालू करावी आणि उरलेल्यांतही जे ओळखता येत नाही त्याला हात लावू नये. घातक प्रोग्रॅमसुद्धा संगणक पुन्हा सुरू झाल्यावर टिकून राहण्यासाठी याच जागांचा आश्रय घेतात, म्हणून ही यादी अधूनमधून वाचणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही उपयोगी ठरते.

डेस्कटॉप दिसण्यापूर्वीच बराच वेळ जात असेल, तर स्टार्टअपची यादी कितीही छाटली तरी फारसा उपयोग होत नाही. डिस्क खराब होऊ लागली असेल, तर आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. आणि डिस्क चांगली असली तरी तिच्या जागी एसएसडी (तबकडीऐवजी चिपांत माहिती साठवणारी डिस्क) बसवण्याइतका गुणकारी खर्च जुन्या संगणकावर दुसरा नाही, असे माझे मत आहे. तिच्यात फिरणारा एकही भाग नसल्याने एक तुकडा शोधायला साधारण ०.१ मिलिसेकंद लागतो, म्हणजे वर धरलेल्या ६,००० उड्या सेकंदाच्या आतच संपतात.

वाचनालयाने एसएसडीसाठी अजून पैसे मंजूर केलेले नाहीत. तोवर बाईंनी टेबलाच्या खणात एक कागद ठेवला आहे, त्यावर कोणते नाव कोणत्या तारखेला बंद केले ते लिहिलेले असते. मागच्या महिन्यात प्रिंटरचे सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर शाईचा हिशेब सांगणारा मदतनीस यादीत पुन्हा येऊन बसला होता. त्यांनी ते कागदाशी ताडून पाहिले, त्याला बंद केले आणि खाली नवी तारीख घातली.