हलग्याचा सुवर्णसौध: आधी घडलं काय?

बेळगावजवळच्या हलग्यातला सुवर्णसौध म्हणजे कर्नाटक विधिमंडळाची बेंगळुरूबाहेरची इमारत. तिची गोष्ट सीमाप्रश्नापासून सुरू होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. सीमाभागातले मराठी लोक तो दिवस आजही काळा दिन म्हणून पाळतात. १९६७ साली सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवलं, महाराष्ट्राने अहवाल फेटाळला आणि प्रश्न लोंबकळत राहिला.

खरी घाई दिसते ती २००४ नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र सीमाभागावरचा दावा घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला. महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळुरूत काळं फासलं गेलं आणि पाठोपाठ महापालिकाच बरखास्त झाली. सप्टेंबर २००६ मध्ये कुमारस्वामी सरकारने विधिमंडळाचं अधिवेशन बेळगावात भरवलं, तेही केएलई या शिक्षणसंस्थेच्या आवारात, कारण तिथे स्वतःचं सभागृहच नव्हतं. वर्ष कर्नाटकाच्या राज्यस्थापनेच्या सुवर्णमहोत्सवाचं. दावा न्यायालयात असताना कायमची इमारत उभी करायचं ठरलं, हा योगायोग मानायला सीमाभागात कुणी तयार होणार नाही. मीही नाही.

११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांनी हलगा-बस्तवाडजवळच्या, महामार्गालगतच्या या वास्तूचं उद्घाटन केलं. घुमट, खांबांच्या ओळी, रुंद पायऱ्या हे सगळं बेंगळुरूच्या विधानसौधाच्या, म्हणजे कर्नाटकाच्या मुख्य विधानभवनाच्या वळणाचं. तो म्हैसूरचे तेव्हाचे मुख्यमंत्री केंगल हनुमंतय्या यांच्या पुढाकाराने उभा राहिला आणि १९५६ मध्ये पूर्ण झाला. बेळगावच्या किल्ल्यात रट्ट राजघराण्याच्या काळातलं कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, पण त्याची छाप इथे शोधूनही सापडत नाही. इमारत भव्य आहे, यात वाद नाही. पण लांबून बघणाऱ्याला बेंगळुरूच आठवावं, असाच तिचा घाट आहे.

महाराष्ट्राने यावर फार बोलू नये. १९५३ च्या नागपूर करारामुळे आपलंही हिवाळी अधिवेशन नागपुरात भरतं. पण नागपूरने राजधानीचा मान सोडला होता, त्याची भरपाई करायची होती. हलग्यात कर्नाटकाला बेळगाववरचा हक्क ठसवायचा होता.

डिसेंबरमध्ये अधिवेशन भरतं, तेव्हा सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणारी महाराष्ट्र एकीकरण समिती महामेळाव्याची हाक देते आणि पोलिस परवानगी नाकारतात. अधिवेशन संपलं की आवार पुन्हा ओस. २०२२ च्या उन्हाळ्यात सौधासमोर शेवया-पापड वाळत घातल्याचे फोटो गाजले, तेव्हा बेळगावकरांना हसू आवरेना. उत्तर कर्नाटकातले कन्नड भाषकही सरकारला विचारतात की सचिवालयातली खाती इथे कधी आणणार.